मोठीबाईंच्या काळ्या कुरोड्या

आमच्या गल्लीत कुरोड्यांचा गहू कोणी आपल्या मनानं भिजवत नसे. मोठीबाई गच्चीवर जाऊन आभाळ बघायच्या, मगच. गहू तीन दिवस भिजतो, चौथ्या दिवशी चीक शिजवून कुरोड्या घालायच्या आणि त्या दिवशी ऊन कडकडीतच लागतं. म्हणजे आज गहू भिजवायचा तो चार दिवसांनंतरच्या उन्हाच्या भरवशावर. मोठीबाई डोक्यावर पदर घेऊन वर जायच्या, वारा कुठला ते बघायच्या आणि खाली येऊन एवढंच म्हणायच्या, "भिजवा." की निघाली घरोघरची पातेली.

मोठीबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. शिक्षण चौथी. मी बी.एस्सी., बी.एड., मोताळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. माझ्या मोबाइलवर आठवड्याभराचं हवामान दिसायचं, पण एका बाईनं कधी मला विचारलं असेल तर शपथ! खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा. गावानं एकदा तरी माझं ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

मग तो चैत्र आला. मोठीबाई "भिजवा" म्हणाल्या, त्या दिवशी माझ्या मोबाइलवर चौथ्या दिवशीचे ढग आणि वीज स्पष्ट दिसत होती. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि शाळेत गेले. विचारलं होतं कोणी मला?

चौथ्या दिवशी दुपारी गच्च्या कुरोड्यांनी भरलेल्या असताना गारा पडल्या. चिखल झाला सगळा. जे वाचलं ते दोन दिवसांत बुरशीनं काळं पडलं. गारा पडल्या त्याच संध्याकाळी मोठीबाई माझ्या दाराशी आल्या होत्या.

"तुया मोबाइलात दिसलं नव्हतं का वं?"

"नाही," मी म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला. वर मलाच विचारू लागल्या, चैत्रात गारा, पौषात पाऊस, असं काऊन होऊन राह्यलं? मग रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता मला खोदखोदून विचारायच्या. धूर कुठं जातो, उष्णता का अडकते. मीही सांगायची. शिकवायची खोड, दुसरं काय!

पुढं ग्रामसभेत हवामान बदलावर माझं भाषण ठेवलं. वितळणारा बर्फ, हरितगृह वायू, सगळं पडद्यावर दाखवलं. लोक जांभया देत होते. एक आजोबा म्हणाले, उन्हाळा काय पहिल्यांदाच तापला का? दुसऱ्यानं मोबाइलच्या टॉवरवर खापर फोडलं, तिसऱ्यानं कलियुगावर. तेवढ्यात मोठीबाई उठल्या. हातात सूप, सुपात त्या काळ्या कुरोड्या.

"मायं चुकलं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं मी हे आभाळ वाचत आली. आता मले ते वाचता येऊन नाही राह्यलं. गाड्याईचा, कारखान्याईचा धूर वर जाऊन बसला. भर उन्हाळ्यात आपण धरतीले गोधडीवर गोधडी पांघरून राह्यलो. हे मले माया जावेनं समजावलं. तिचं ऐका."

सभा तासभर लांबली. सोयाबीन कधी पेरायचं, बांधावर झाडं कोणती लावायची, सगळे त्यांनाच विचारत होते. गोधडी! वीस वर्षं मी हा धडा शिकवला, मला कधी गोधडी सुचली नाही. आणि भर सभेत माझं नाव घेतलं, याचा तर मला जास्तच राग आला. धड रुसताही येईना.

मग आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी येऊ लागली. प्रत्येक ठिकाणी त्या सुरुवात एकाच वाक्यानं करायच्या, मायं चुकलं. मला दरवेळी "चाल ना संगं" म्हणायच्या. मी पेपर तपासायचे आहेत म्हणून सांगायची. मे महिन्यातसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या आजाराचं निमित्त होऊन त्या गेल्या. चैत्रात रोहिणखेडच्या बचत गटाच्या बाया माझ्याकडे आल्या. मोठीबाईंचं बोलणं ठरलं होतं, आता तुम्हीच या म्हणाल्या. मी गेले. लिहून नेलेलं वाचू लागले. दुसऱ्या पानाला बाया पदरानं वारा घेऊ लागल्या, पुढ्यातली म्हातारी तर चक्क डुलक्या घेत होती. काय झालं कोण जाणे, मी कागद खाली ठेवला.

"त्या वर्षी गारा येणार, हे मला चार दिवस आधी माहीत होतं," मी म्हणाले. "मी सांगितलं नाही. जावेचं चुकावं म्हणून."

पदर थांबले. म्हातारी ताठ बसली. सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

"मंग," म्हातारीनं विचारलं, "मोठीबाईले सांगतलं होतं का तुमी हे?"

"नाही," मी म्हणाले. "धीर झाला नाही."