लोखंड कापणारं सुताराचं मशीन

माणसाच्या हातात पदवी आली की त्याच्या हातातला पाना आधी काढून घ्यावा, हे एकालाही सुचलं नाही? सगळे नुसते बघत उभे राहिलात! भोगलं कुणी? मी. आणि आप्पांनी. आप्पांनी जास्त.

आप्पा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात त्यांचं पत्र्याचं शेड. फाउंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न करून द्यायचे. त्यावरून पुढं लोखंडाचं ओतकाम होतं. नव्याण्णव साली मी इंजिनियर झालो आणि ठरवलं, झाडं तोडणं बास! आपलं लाकूड कापायचं बँडसॉ मशीन आता लोखंड कापणार!

मुहूर्त कुठला? खंडेनवमीचा. त्या दिवशी आप्पा मशीनचं खालचं झाकण उघडून वर्षभराचा भुसा झाडायचे, मग हळदकुंकू वाहायचे. शेजारचे बसगोंडा अण्णा आपल्या लेथ मशीनला हार घालून आमच्याकडं चहाला आलेले. त्यांच्या देखतच मी सुनावलं, "आप्पा, यंत्राची पूजा कसली करताय? यंत्र सुधारायचं असतं!"

"बरं बाबा. तू शिकलेला हाईस." आप्पांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

तो ब्रश मला अजून दिसतो.

लोखंडाला पातं सावकाश फिरावं लागतं, एवढं मला येत होतं हो! मोठी पुली बसवली, बारीक दातांचं पातं चढवलं, कापायला लोखंडाची पट्टी लावली. पाच मिनिटांत खाच पडली केवढी? नखाएवढी!

"इंजिनियर," अण्णांनी फुर्रकन चहा ओढला, "तुझ्या लग्नापतोर तुटंल न्हवं ही?"

लागलं ना मला! तडक जुनी, जोरात फिरवणारी पुली परत चढवली.

"अरं, दमानं घे की," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला यातलं कळत नाही, आप्पा."

बटण दाबलं. काय ठिणग्या! दिवाळीआधीच फुलबाज्या! मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. पण ठिणग्या चालल्या होत्या कुठं? खाली, मशीनच्या पोटात. आणि पोटात काय होतं?

हसू नका. मशीनला लागूनच पंपाचा पॅटर्न ठेवलेला. आप्पांनी तीन आठवडे हातानं घासलेला, सोमवारी फाउंड्रीत जायचा. भुसा भडकला तसं आप्पांनी आधी मला ओढलं. मग ते पॅटर्नकडं वळले. तोवर त्याचा कोळसा झाला होता.

पाणी मारून आग विझवली. आप्पांनी एखादी शिवी हासडली असती तर जेवण तरी गेलं असतं मला! त्यांनी तो ब्रश उचलला, झाकण उघडलं आणि ओली राख झाडायला बसले. माझी पट्टी वर तशीच, अर्धवट कापलेली.

रिकामी बादली घेऊन अण्णा दारात उभे होते. धुरानं डोळे पुसत म्हणाले, "काय रं मर्दा, पूजा नगं म्हणालतास न्हवं? मग येवढा धूप कुणाला घातलास?"