लाल स्टिकर काढले आणि गाडी भरली

मंडळी, हॉस्पिटलमधून लिहितेय. ज्यांची मुलं नुकती ड्राइव्ह करायला लागलीत, त्यांनी प्लीज वाचा.

आमच्या अथर्वचं लायसन्सचं प्रोबेशन काल संपलं. इथे नवशिक्या ड्रायव्हरला नंबरप्लेटवर लावावे लागणारे लाल स्टिकर आज सकाळी मीच काढले. कालपर्यंत नियमाने त्याला एकच पॅसेंजर नेता यायचा. तो म्हणालाही, "आई, आज एकालाच नेतो." मीच म्हटलं, "आता अलाऊड आहे ना? ढोलाच्या प्रॅक्टिसला चौघांना ने."

मागे दंगा चालला होता. तो हसत मागे वळला आणि गाडी झाडावर आदळली. बाकीचे ठीक आहेत, पण आमच्या शेजारच्या घरातली ईशा ऑपरेशन थिएटरमध्ये आहे.

नियम सुटला तरी एकेकच पॅसेंजर वाढवा.

ईशाची आई समोर बसलीय. सकाळी तिने विचारलं होतं, "त्याला जमेल ना गं?"

मी हसले होते.