मधपेटीची ऊब

रेडिओदुरुस्तीचं दुकान बसलं, तसे मास्तर डब्यांच्या नादी लागले. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत नखाएवढी चिप, एक सेल, बाहेर वीतभर एरियल. आराखडा कुणा भल्या माणसानं साऱ्या जगासाठी फुकट ठेवलेला, त्यात मास्तरांनी आपलं डोकं घातलेलं. डबी दिवसभर झोपा काढायची, मध्येच जागी होऊन मोजलेला एक आकडा बिनतारी कोसभर लांब पाठवायची आणि पुन्हा गुडूप.

"तुमच्यावरच गेलीय," बायको म्हणायची.

बायकोच्या मधमाश्या समोरच्या टेकडीवर होत्या. आजारपणात तिनं अंथरूण धरलं, तेव्हा मास्तरांनी तिच्या मधपेटीत एक डबी बसवली. उशाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावर पेटीतली ऊब आकड्यात उमटायची. तो पाहून ती डोळे मिटायची आणि पडल्या पडल्या टेकडी चढून यायची. रानफुलांचा वास येतो म्हणायची. मास्तरांनाही कधीकधी खरंच यायचा. औषधांचं काम झालं, आता यांनीच उठायला हवं, असं डॉक्टर सांगून गेले होते. पण ती उठायचं नाव घेईना.

एका सकाळी पडदा कोरा.

"गेल्या माझ्या माश्या," म्हणत ती भिंतीकडे वळली.

मास्तरांना कालचं आठवलं. काल सेल बदलायला तेच गेले होते. आधी एरियल, मग सेल, हे ते डब्यांचा नाद असलेल्या प्रत्येकाला कानीकपाळी ओरडून सांगायचे. एरियलविना डबी बोलायला गेली की आतून जळते. आणि काल धुक्यात फुलं बघत बसलेल्या या शहाण्यांनी आधी सेल घातला होता!

"अगं, माश्या ठीक असतील. डबी मीच जाळली."

"उगाच समजूत काढू नका."

नवी डबी घेऊन ते धापा टाकत टेकडी चढले. पेटीला कान लावला. आत चुलीवरच्या आधणासारखी गुणगुण चालली होती. मास्तरांना रडू फुटलं. मग आधी एरियल, नंतर सेल. दिवा लुकलुकला. आकडा निघाला, पण पोचला की नाही ते कळायची सोय नव्हती. मास्तरांची डबी नुसती बोलायची, ऐकायची नाही.

ते दगडावर बसून राहिले. खाली धुक्यात त्यांचं घर तरंगत होतं. किती वेळ गेला कोण जाणे.

मग घराची खिडकी उघडली. ती खिडकी अंथरुणापासून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.