शोधल्याशिवाय खाडा नाही

‘गैरहजर’ हा शब्द आमच्या बाईंना शिवीसारखा लागायचा. जाफराबादला चौथीत त्यांनी आम्हाला शिकवलं. हजेरी घेताना एखाद्याचं उत्तर आलं नाही, तर त्या नावापुढे पेन्सिलीनं नुसतं टिंब द्यायच्या आणि सगळ्या वर्गाला विचारायच्या, “कुठं आहे तो? कुणी पाहिलं?” कापूस वेचायला गेलेला गडी मधल्या सुट्टीत उगवला, की टिंबाची हजेरी व्हायची. “शोधल्याशिवाय खाडा मांडायचा नाही,” असं त्या म्हणायच्या. माझ्या वाट्याला अशी टिंबं पुष्कळ आली.

निवृत्तीनंतर त्या जुन्या जालन्यात राहायला आल्या, माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानापासून चार घरं सोडून. रोज येऊन दुकानाची पाटी वाचायच्या आणि त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला नव्यानं सांगायच्या. मी पाटी बदलली नाही. बाई येणं बंद होईल अशी भीती वाटायची.

पुढे त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली. दर महिन्याला पुण्यात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. तारीख चुकली तर जेवढं दिसायचं बंद होईल ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाईंना अंधाराचं भय नव्हतं, वाचन सुटण्याचं होतं. सोबतीला मी जायचो. “तिकीट तू काढ, भांडण मी करते,” अशी आमची वाटणी होती. आणि लांबच्या गाडीचा प्रवास म्हटला की भांडणाला तोटा नसतो.

एकदा सकाळी सहाच्या गाडीसाठी आम्ही साडेपाचपासून चौफुलीवर बसलो होतो. दुपारी चारला इंजेक्शन. सव्वासहाला माझ्या मोबाईलवर मेसेज आला: ‘प्रवासी थांब्यावर गैरहजर. गाडी रवाना.’ गाडी चौफुलीवर आलीच नव्हती, परस्पर बायपासनं निघून गेली होती. मी कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे सगळं झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, सिस्टीममध्ये पॅसेंजर गैरहजर दाखवतंय.”

बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. “बाळ, मी बोलतेय ना तुझ्याशी? गैरहजर माणूस बोलतो का?”

पलीकडून गाणं सुरू झालं. बाईंनी पदर खोचला आणि आम्ही रिक्षानं ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेलो. त्याच कंपनीची साडेसातची गाडी दारात उभी होती. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, “म्याडम, ही गाडी फुल्ल हाये. तुमचं वरून आलंय, तुम्ही आल्त्याच न्हाई म्हणून. मी काय करू?”

“मला शोधलं का कुणी?”

“आता कुठं शोधत बसता म्याडम! टाइम न्हाई राहत.”

झालं. बाईंनी काउंटरवरची साडेसातच्या गाडीची यादी उचलली आणि त्या गाडीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. यादी डोळ्याच्या अगदी जवळ धरून एकेक नाव वाचायला लागल्या. “हजेरी झाल्याशिवाय ही गाडी हलणार नाही.” ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, तसा तोही थांबला. कुणी हसलं, कुणी वैतागलं, पण नाव आलं की जो तो ‘हजर’ म्हणत गेला. टाय लावलेला एक साहेब तर उठून उभा राहिला.

अकरा नंबरला उत्तर आलं नाही.

“बाई, बसा जल्दी,” मी म्हणालो. “मी मागून येतो.” काउंटरवरचा माणूसही घायकुतीला आला होता. “बसा म्याडम, तो न्हाई येत आता.”

“आधी त्याला शोध,” बाई म्हणाल्या. “माझ्यावर जो अन्याय झाला तो मी त्याच्यावर करू का?”

इंजेक्शनची वेळ निघून चालली होती आणि ही बाई परक्या माणसाची हजेरी सांभाळत होती. मला रागही आला आणि भरूनही आलं. शेवटी काउंटरवरच्या माणसानं फोन लावला. अकरा नंबरनं सांगितलं, आपण उद्या निघणार आहोत, जागा कुणालाही द्या. मग बाई चढल्या. पण त्याआधी सहाच्या यादीतला आपल्या नावापुढचा लाल काट काउंटरवाल्याकडून खोडून घेतला आणि तिथं ‘हजर’ लिहायला लावलं. ‘ह’ नीट आला नाही म्हणून दोनदा.

मी मागच्या गाडीनं पोचलो तोवर बाईंना इंजेक्शन वेळेत मिळालं होतं. डोळा शेवटपर्यंत टिकला. गेल्या थंडीत बाई गेल्या, त्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी माझी पाटी वाचली होती.

परवा मी एकटाच पुण्याला निघालो होतो. नाश्त्याच्या थांब्यावर ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. “दहा मिन्टं दिल्ते, न्हाई आला तर मी काय करू?” तो म्हणाला. मी भांडणारा माणूस नाही. तरी उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. “शोधल्याशिवाय खाडा मांडायचा नाही,” मी म्हणालो. माझा आवाज चौथीतल्या पोरासारखा कापत होता.

एका रंगाच्या तीन गाड्यांमध्ये आपली गाडी हुडकत फिरणारे म्हातारबाबा सापडले. घाम पुसत शेजारी बसले आणि म्हणाले, “गाडी तुम्ही थांबवल्ती का?”

“न्हाई बाबा,” मी म्हणालो. “आमच्या बाईंनी.”