सहा ते आठ इस्त्री बंद

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली दोघींची दुकानं. एका बाजूला माझं शिलाईचं मशीन, दुसऱ्या बाजूला वहिनीचं इस्त्रीचं टेबल. कोणाची वहिनी, ते विचारू नका. सगळी इमारतच तिला वहिनी म्हणते. नवरा मालाचा ट्रक घेऊन गावोगाव फिरतो, घरात कमी आणि फोनवर जास्त. आणि टेबलाखाली, चुरगळलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर, टिल्ली. तिची लेक, तिसरीतली.

टिल्लीला वाचता येत नव्हतं. म्हणजे सुटी अक्षरं यायची, पण ती एकमेकांशेजारी बसली की पोर गडबडायची. बाईंनी वहिनीला शाळेत बोलावून सांगितलं, "घरी रोज वाचून घ्या. वर्ष संपेपर्यंत तिने एक पान सलग वाचलं नाही, तर पुन्हा तिसरीतच बसवावं लागेल." वहिनी स्वतः चौथी शिकलेली, तीही रडतखडत. शाळेतून आली आणि एकाच शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा इस्त्री करत बसली.

आमची इमारत मदतीला भारी तत्पर. कपडे द्यायला येणारा प्रत्येक जण टेबलाखाली वाकून विचारणार, "काय गं, सातचा पाढा येतो का?" दुसरा म्हणणार, "'स्वातंत्र्य' लिहून दाखव बघू." उत्तर आलं नाही की मान हलवायची, वहिनीला थोडा उपदेश पाजायचा आणि लिफ्टमध्ये शिरायचं. परीक्षा घ्यायला सगळे पुढे, शिकवायला एक जण बसेल तर शपथ! एकदा मी टिल्लीला म्हटलं, "वाचायला शिकलीस की गप्प बसतील गं सगळे." तर म्हणते कशी, "नाही मावशी. मग आणखी अवघड विचारतील."

मग कमिटीच्या अंगात आलं. इथे काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत अभ्यासवर्ग काढायचा. नवी बाकं आली, फळा आला, रिबीन कापली, फोटो निघाले. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. अट एकच, मुलासोबत आई किंवा वडील बसलेच पाहिजेत, कारण शिक्षणात पालकांचा सहभाग हवा. ऐकायला काय गोड वाटतं! पण सहा ते आठ हे पालक असतात कुठे? यांच्याच घरात स्वयंपाक करत, यांच्याच गाड्या पुसत, उद्यासाठी यांचेच कपडे इस्त्री करत. एवढी साधी गोष्ट एकाच्याही टाळक्यात शिरू नये?

वर्ग ओस पडला. शिकवायला ठेवलेली मुलगी रिकाम्या बाकांना कंटाळून गेली ती गेलीच. एका संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी खाली आले.

"वहिनी, आम्ही एवढं करतो, पण तुम्हा लोकांना मुलांचं काही पडलेलंच नाही. बरं, शर्ट झाला का माझा?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी मात्र शांत. "होतोय साहेब. वर्ग सकाळी ठेवाल का? पोरांची शाळा दुपारची, आणि सकाळी आम्हाला जरा उसंत असते."

"कमिटीत ठरलंय ते. तुमच्या एकटीसाठी कसं बदलणार?"

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला वहिनीने इस्त्रीचं बटण बंद केलं, टिल्लीचा हात धरला आणि दोघी त्या खोलीत जाऊन बसल्या. मग रोजच. वहिनी ओळीवर बोट ठेवून वाचायची, अडखळायची, मागे जाऊन पुन्हा वाचायची. टिल्ली तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, तू पण चुकतेस?"

"चुकते की! खूप चुकते."

त्या दिवसापासून पोरीची जीभ सुटली. दोघी मिळून चुकायच्या आणि मिळून पुढे जायच्या.

इकडे जिन्याखाली शिव्या मी खात होते. "वहिनी कुठे? आमचे कपडे कुठे? हा काय धंदा झाला?" कमिटीची तातडीची बैठक बसली, वेळेवर आणि भरगच्च हजेरीने. मला वाटलं, चला, आता तरी वर्गाची वेळ बदलतील. कसलं काय! बदलला तो इस्त्रीवाला. नवा आणला पलीकडच्या गल्लीतला, घरपोच कपडे देणारा. वहिनीचं टेबल दुपारीच रिकामं व्हायला लागलं. सहाला बंद करायलाही काही उरत नव्हतं.

वर्ष संपता संपता टिल्लीने बाईंसमोर पान वाचलं. हळू वाचलं, पण सलग. चौथीत गेली. वहिनी शाळेतून आली आणि माझ्या मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडली. मीही रडले, पण निम्मी रागाने.

बातमी कमिटीपर्यंत गेली. वार्षिक सभेत 'आपल्या अभ्यासवर्गाचं यश' म्हणून वहिनीला स्टेजवर बोलावलं. आपल्या म्हणे! सेक्रेटरींनी फुलांचा गुच्छ पुढे केला. "वहिनी, दोन शब्द बोला."

वहिनीने गुच्छाला हातही लावला नाही. माइकसमोर उभी राहिली. "फुलं नकोत. उद्यापासून कपडे पाठवा. आणि वर्ग सकाळी घ्या."

अख्खी सभा खो खो हसली. काय मजेशीर बोलते आपली वहिनी! टाळ्या पडल्या. मी उठून ओरडले, "अहो, ती गंमत करत नाहीये!"

तर माझ्याकडे बघून आणखी हसले.