बुधवारचा डबा परत करायला गेलो तेव्हा

संक्रांतीच्या फेरीला मी या वर्षी जाणार नव्हतो. गुडघे, पित्त, रस्त्यावरची खोदकामं, अशी कारणं आठवडाभर आधीपासून तयार ठेवली होती. पण प्राजक्ता मॅडम म्हणाल्या, डबे तुम्ही सांभाळलेत तर परत द्यायलाही तुम्हीच यायचं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मॅडमशी वाद घालायला गेलो की पहिल्याच वाक्याला माझं म्हणणं पातळ होतं. तेव्हा गेलो, आणि तुमच्यापैकी कुणाला आपल्या भागात असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी डब्यांचं सांगतो. बाहेरगावाहून विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांसाठी आमची विद्यार्थी संघटना आहे. कुठल्या पक्षाची नाही. नेरुळला ऑफिस, आणि पगारी माणसं तिघं: कामकाज बघणाऱ्या प्राजक्ता मॅडम, हिशेब आणि गाडी दोन्ही चालवणारा सुनील, आणि चहापासून चावीपर्यंत उरलेलं सगळं बघणारा मी. पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची, आज या घरी तर उद्या त्या घरी. आमच्याकडे मुलगा जेवायला जात नाही, डबा ऑफिसात येतो. प्रत्येक घराने आपला वार घेतलेला असतो. परीक्षा संपल्या की सगळे डबे ऑफिसात जमतात आणि संक्रांतीला आम्ही ते परत करतो. रिकामा डबा कुणाच्या घरी पाठवायचा नाही ही आपली जुनी रीत, म्हणून तिळगूळ आणि संक्रांतीचं वाण भरून नेतो, आभार मानतो आणि पुढच्या सत्राला वार राखणार का ते विचारतो. उत्तर त्याच दिवशी मिळतं. एक घर नाही म्हणालं की आठवड्यातली एक रात्र काही मुलं बिस्किटावर काढतात. माझा जीव अडकतो तो इथे.

या वर्षी डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मीच एक कल्पना काढली. प्रत्येक डब्यावर त्या घरच्या बाईचं नाव कोरून घ्यायचं, भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसं. मॅडमना आवडली. डबे घासून, कड्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधून वाशीच्या दुकानात पाठवायचे ठरले. आदल्या दिवशी मला वाटलं, डब्यांवर धूळ बसली असेल. चिठ्ठ्या सोडल्या, डबे परत घासले, चिठ्ठ्या परत बांधल्या. नावं कोरून आली, झकास अक्षरात.

संक्रांतीला पहाटे गाडीत डबे चढवताना 'सौ. सुमन शिंदे' नावाचा डबा हातात आला. त्याच्या कडीला तांब्याची तार गुंडाळलेली. ती तार मी वर्षभर घासलेली आहे. तो डबा कामोठ्याच्या शिंदेबाईंचा नव्हताच, कोपरखैरण्याच्या हिराबाई म्हात्रेंचा होता. शिंदेबाईंचा डबा काढून पाहिला. त्यावर हिराबाईंचं नाव. स्टीलमध्ये, कायमचं.

हिराबाईंचा वार बुधवार. बुधवारी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी येते, आणि त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या दारात मुलं चार वाजल्यापासून घोटाळायला लागतात. तो वार माझ्या हातून जाणार, या विचाराने मी गाडीत बसलो आणि कुणाला काही बोललो नाही.

पहिला मुक्काम एपीएमसी मार्केट. नव्या माणसाने पायात बंद चपला घालून जावं, कारण खाली काय तुडवाल सांगता येत नाही, आणि हातगाडीवाला ओरडला तर मागे न बघता बाजूला व्हावं. सणाच्या दिवशी तिथे जे चालतं ते पाहायला तरी एकदा जाच. उसाच्या मोळ्या, बोरांचे ढीग, पाल्यासकट गाजरं, हरभऱ्याच्या जुड्या. आत गोणीपेक्षा कमी माल कुणी देत नाही, पण गेटाबाहेर बायका वाटे लावून बसतात, तिथे आमच्यासारख्यांचं काम होतं. मॅडमनी बोरं चाखून चाखून घेतली. मी सुनीलला बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, स्टीलवरचं कोरलेलं नाव घासून जातं का रे?

"डबा जाईल काका, नाव नाही जाणार," तो म्हणाला. "का, काय वांदा झालाय?"

काही नाही म्हटलं. उसाची मोळी उचलून गाडीकडे निघालो.

वाशीतली दोन घरं झाली. दोन्हीकडे वार राखले, दोन्हीकडे लाडू खाल्ले. मॅडम आभाराचं छोटं भाषण पाठ करून आल्या होत्या, पण कुठल्याच घरात ते अर्ध्याच्या पुढे गेलं नाही, कारण तोंडात लाडू कोंबला जात होता. एरवी मी खूप हसलो असतो.

कोपरखैरण्याला सेक्टर ओलांडून जुन्या गावात शिरलं की गल्ली एकदम आवळते. गाडी बाहेरच लावा. कौलारू घरांच्या जागी चार मजली इमारती उभ्या आहेत, पण तळमजल्याच्या ओट्यावर सुकत घातलेली मासळी आणि खुर्ची टाकून बसलेला घरधनी अजून दिसतो. हिराबाईंचे यजमान काशिनाथ म्हात्रे तसेच बसले होते. शेती गेल्यावर त्यांनी तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी केली. आता चाळीची भाडी येतात.

मी ठरवलं होतं, नावाची बाजू माझ्या पोटाकडे धरून डबा द्यायचा आणि विषय बदलायचा. हिराबाई आतून पदराला हात पुसत आल्या. मी डबा दिला, थंडी काय म्हणते विचारलं. त्यांनी तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि झाकण उघडायला फिरवला. काशिनाथशेठनी चष्मा लावला.

"सौ. सुमन शिंदे," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "ही कोन?"

मॅडम आणि सुनील दोघंही माझ्याकडे वळले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चिठ्ठ्या, धूळ, दुसऱ्यांदा घासणं, सगळं सांगून टाकलं. चूक माझी एकट्याची आहे, ऑफिसची नाही, एवढं दोनदा म्हणालो.

काशिनाथशेठ डबा फिरवून फिरवून बघत होते. हा डबा त्यांनी नोकरीला लागल्यापासून कंपनी बंद होईपर्यंत नेला होता, ते मला तेव्हा कळलं. तारही त्यांनीच मशीनवर बसून गुंडाळलेली. कंपनीत कुणाच्या डब्यावर नाव नव्हतं, पण हा म्हात्र्याचा हे सगळ्यांना माहीत होतं, असं ते म्हणाले. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

हिराबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. "बगा, नोकरी सुटल्यावं दुसरी बायको गावली तुमाला," त्या म्हणाल्या. "नाव तिचा, ना भाकऱ्या मी थापू?"

सुनील फिसकन हसला. काशिनाथशेठ हसले नाहीत. त्यांनी डबा मला परत दिला. दुसऱ्या बाईचं नाव असलेला डबा आपल्या घरात नको, न्या, आणि बुधवारचं नंतर बघू, असं म्हणाले. 'नंतर बघू' म्हणजे काय ते मला या वयात कळतं. मॅडमनी माझ्या दंडाला हात लावला.

हिराबाईंनी मात्र विचारलं की आपलं नाव मग कुठे गेलं. गाडीतून शिंदेबाईंचा डबा आणून दाखवला. त्यांना अक्षर लागत नाही, तरी त्यांनी नावावरून बोट फिरवलं. आपलं नाव घेऊन डबा कामोठ्याला चालला आहे याची त्यांना भारी गंमत वाटली. शिंदेबाई कोण, काय करतात, पोरांना काय देतात, सगळं विचारून घेतलं. शुक्रवारी मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी, असं मी सांगितलं.

"त्याच पोरांना?"

त्याच, म्हटलं.

"मंग मना दाखव ती शिंदीन," त्या म्हणाल्या, आणि तो डबा हातात घेऊनच लुगडं बदलायला आत गेल्याही. येताना स्वयंपाकघरात थोडी खुडबुड ऐकू आली. काशिनाथशेठ ओट्यावरून म्हणाले की सणाच्या दिवशी लोकांच्या घरी काय जायचं. मग उठले, माझ्या हातातून तारेचा डबा काढून घेतला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. डबा जातोय तर आपण जाणार, एवढंच म्हणाले.

तिथून आम्ही पाम बीच रस्त्याने निघालो. ज्यांनी हा रस्ता थंडीत पाहिला नाही त्यांनी पाहावा. उजव्या हाताला खाडी, खारफुटी आणि ओहोटी असली तर चिखलात उभे रोहित पक्षी, लांबून गुलाबी पुसट रेघ ओढल्यासारखे. सुनीलने गाडी हळू केली. हिराबाई मागून बोरं खात बघत होत्या. काशिनाथशेठ डबा मांडीवर धरून, कुठे मिठागर होतं आणि कुठे त्यांच्या मामाची होडी लागायची ते सुनीलला सांगत होते. सुनीलला ते सगळं ऐकून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मागे बसून एकच विचार करत होतो, शिंदेबाईही रागावल्या तर बुधवारबरोबर शुक्रवारही गेला.

कामोठ्याला सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सगळ्यांची नावं विचारली. काशिनाथशेठनी कुठल्या गावचे ते आणि वडलांचं नावही सांगितलं. लिफ्ट लहान, दोन खेपा कराव्या लागल्या.

सुमन शिंदे सांगलीकडच्या, शाळेत क्लार्क आहेत. त्यांच्याकडे संध्याकाळी हळदीकुंकू होतं. दार उघडलं तेव्हा हातात वाण म्हणून द्यायच्या स्टीलच्या वाट्या होत्या आणि त्यांना वाटलं, बायका लवकरच आल्या. मी दारातच सगळं सांगायला लागलो. त्यांनी आधी आत बसवलं, पाणी दिलं, मग ऐकलं. दोन्ही डबे टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले.

त्यांनी हिराबाईंच्या नावाचा डबा उघडला. वरच्या खणात आमचा तिळगूळ. खालच्या खणात सुक्या बोंबलांची चटणी, म्हणजे स्वयंपाकघरातली खुडबुड ती ही. अर्धा रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून हिराबाईंनी तो आपल्या परीने भरला होता. वास घरभर झाला. हळदीकुंकवाचं घर. मी डोळे मिटून घेतले.

"उद्या किंक्रांत आहे ना?" शिंदेबाई म्हणाल्या. "उद्या भाकरीबरोबर खाते." झाकण घट्ट लावून डबा आत नेऊन ठेवला.

येताना गुळाच्या पोळ्या घेऊन आल्या आणि तार गुंडाळलेल्या डब्यात भरायला लागल्या. काशिनाथशेठ म्हणाले, बाई, भरा, पण त्या नावाचं काय.

शिंदेबाईंनी टीपॉयवरची एक वाटी उचलून त्यांच्यापुढे धरली. तिच्यावर त्यांचंच नाव होतं. "दादा, वाण दिलं की भांड्यावर नाव देणारीचंच असतं. घेणारीचं कोण घालतं? ही वाटी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जाईल, माझं नाव घेऊन. तसाच हा डबा. कुणी विचारलं तर सांगा, बहिणीनं दिलाय."

काशिनाथशेठनी वाटी हातात घेऊन नाव वाचलं. हिराबाईंनी हळदीकुंकू लावून घेतलं आणि शिंदेबाईंना लावलं. एवढा वेळ दोघी आपल्या हातचं जेवणाऱ्या पोरांबद्दल बोलत होत्या. परभणीकडचा एक भात कमी खातो, ते दोघींना ठाऊक होतं आणि आम्हाला ऑफिसात माहीत नव्हतं.

गुळाची पोळी संपवून काशिनाथशेठनी बोटं पुसली. डबा जवळ ओढला, नाव वर येईल असा.

"बुधवार लिव पोरी," ते मॅडमना म्हणाले. "माज्या भैनीचा डबा हाय, रिकामा नाय र्‍हानार."

सुनीलने विचारलं, काका, आता तरी टेन्शन गेलं का. मी म्हटलं, जरा कमी आहे.

म्हात्रे मंडळींना शिंदेबाईंनी जेवूनच जा म्हणून ठेवून घेतलं. परतताना खारघरचं शेवटचं घर होतं. ते लोक पुण्याला राहायला चालले होते, त्यांचा सोमवार सुटला. बिचाऱ्यांनी दहा वेळा माफी मागितली. आपल्याला जमेल तोवर करायचं, एवढंच मॅडम म्हणाल्या, आणि गाडीत बसल्यावर सोमवारसाठी कुणाला विचारायचं याचा विचार करू लागल्या.

खर्चाचं विचाराल तर गाडीचा गॅस, बोरं, ऊस, वाटेतले चहा-वडापाव धरून हजाराच्या आसपास. जेवण कुठे विकत घ्यावं लागत नाही, उलट पोट रिकामं ठेवून निघा. सगळी घरं एका दिवसात करायची असतील तर गावातलं घर सकाळी घ्या, फ्लॅटवाले दुपारनंतर मोकळे असतात.

घरी आलो तेव्हा ही गॅलरीत तीळ निवडत बसली होती. मी सगळी हकीकत सांगितली. ती हसली, मग विचारलं, सोमवारचं काय झालं. कोणी मिळेल, म्हटलं.

"आपण का नाही?" ती म्हणाली.

मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे वार विचारत फिरलो. आपल्या घरचा कधी दिला नाही. कधी पावसात डबा जाणार नाही असं वाटायचं, कधी हिला बरं नसलं तर काय असं वाटायचं. आजही वाटतं. सोमवारी पाहुणे आले तर? हिची आमटी तिखट असते, पोरांना सोसेल का? परभणीचा मुलगा भात कमी खातो, तर भाकऱ्या किती लागतील? हे सगळं मी बोलून दाखवलं. ती तोवर माळ्यावरून डबा उतरवून नळाखाली धरून उभी होती.

मी प्राजक्ता मॅडमना फोन करून सोमवार लिहायला सांगितला. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, एकदा मी परत घासून देतो. ती म्हणाली, तुम्ही लांब राहा.