भागोजीचं नाव

"तेवढा भागोजी काढ गो त्यातनं. कानाला कसंतरीच लागतं."

आमच्या गावच्या खोतीणबाई मला हे म्हणाल्या तेव्हा मी रत्नागिरीत एका मोठ्या हॉलच्या मागल्या दाराशी उभी होते. हातात करवंटी. करवंटीत चहा. आत वकिलांना, मास्तरांना, अधिकाऱ्यांना कपबशा फिरत होत्या. आम्हा सहा बायांना दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, वाढप्यानं वरून धार धरून चहा ओतला. हात केवढा वर त्याचा! जशा काही आमच्या करवंट्या त्याला चावणार होत्या.

आणि त्याच वेळी आतल्या कर्ण्यातून टेपवरचं माझं गाणं चाललं होतं. माझं. माझा घसा, माझा श्वास. आतली माणसं माना डोलवत होती. माझा आवाज त्यांच्या कपबशांवरून जात होता, त्यांच्या कानात शिरत होता, आणि त्याचा विटाळ कुणाला होत नव्हता. मी मात्र उंबऱ्याबाहेर. तोंडातला चहा थुंकून टाकला मी.

पण चहाचं सोडा. करवंटीची सवय होती आम्हाला, लाज वाटते सांगायला पण होती. माझ्या अंगाचा भडका उडाला तो भागोजीवरून.

भागोजी माझा भाऊ. माझ्या पाठचा. त्या समारंभाच्या आदल्या वर्षी गेला. खोतांच्या हापूसच्या कलमावर आंबे काढायला चढला होता. कमरेला दोर बांधतो म्हणाला, तर खोत खालून ओरडले, "दोरात वेळ घालवू नको, ट्रक थांबलाय." फांदी मोडली. अकरा दिवस घरात पडून होता, कमरेखाली काही हलत नव्हतं. त्या अकरा दिवसांत खोतांचा माणूस एकदाच आमच्या महारवाड्यात आला. कशाला? एवढी जाड फांदी मोडलीच कशी, ते विचारायला.

बाराव्या दिवशी भागोजी गेला. बावीस वर्षांचा. त्याचा फोटो नाही. शाळेत कुणी बसवला नाही, म्हणून दाखला नाही. जमीन नाही, म्हणून कागदावर नाव नाही. लग्न झालं नव्हतं, म्हणून त्याला बाप म्हणणारं कुणी नाही. तो होता, याला पुरावा काय? माझी ओवी. तेवढीच.

आमच्याकडे भाताची लावणी करताना, तरव्याची म्हणजे रोपांची मूठ हातात धरून, बाया गातात. एकीनं उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. उचलणारी ओवीत आपल्या भावाचं नाव घालते, झेलणाऱ्या ते नाव दोनदा घेतात. भाऊ नसला तर मानलेला भाऊ घालावा. पण दुसरीच्या ओवीतला भाऊ काढून तिथं आपला घालायचा नाही. भांडणं झाली, डोकी फुटली, तरी हे कुणी कधी केलं नाही. आमच्यात ते नाव पुसणं म्हणजे माणूस पुन्हा मारणं. माझी ओवी अशी होती:

तरव्याची मूठ, लावते मी वाकून
भागोजी बंधू माझा, बघतो बांधाला टेकून

तो खरंच तसा टेकायचा. कामचुकार होता मेला. आम्ही वाकून वाकून मोडायचो आणि हा बांधाला टेकून विडी ओढत हसायचा.

त्या वर्षी मार्गशीर्षात मुंबईहून रेडिओवाले आले, टेपचं यंत्र घेऊन. संध्याकाळी साडेसातला खेड्यांचा कार्यक्रम लागायचा, त्यासाठी त्यांना बायांची गाणी हवी होती. ते उतरले खोतांकडे. दुसरीकडे कुठं उतरणार? कायद्यानं खोती गेली होती, माणसांच्या मानेतला वाक गेला नव्हता. खोतीणबाई पेटीवर गाणं शिकलेल्या, पण लावणीची ओवी त्यांना कुठली यायला? चिखलात पाय घातलेला नाही जन्मात. आम्हाला बोलावणं आलं. खळ्यात खाली आम्ही उभ्या राहिलो, यंत्र वर पडवीत, त्याची लांब दोरी खाली सोडून माईक आमच्यासमोर टांगला. मी उचललं, पाचजणींनी झेललं. गाणं झाल्यावर रेडिओच्या साहेबानं पडवीतनंच विचारलं, "कुणाचं नाव लिहू?"

खोत म्हणाले, "हिचं लिहा. आमच्या मंडळींचं. आणि सहकारी." मी ऐकलं. माझ्या नावाचं मला काय करायचं होतं?

महिनाभरानं गाणं लागलं. गावातला रेडिओ खोतांच्याच पडवीत. बाकीचा गाव खळ्यात बसून ऐकायचा आणि आम्ही गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, पलीकडून. माझी आय गडगा धरून उभी होती. आधी खोतीणबाईंचं नाव सांगितलं. मग माझा आवाज आला. "भागोजी बंधू माझा" आलं, आणि पाचजणींनी झेललं, "भागोजी, भागोजी." आयनं माझा दंड असा पकडला की वळ उठले.

"बोलला गो," ती म्हणाली. "रेडिओ माज्या भाग्याचा नाव बोलला. मुंबयपतूर गेला आसंल." मग रडली. अकरा दिवस डोळ्यांत टिपूस आणला नव्हता त्या बाईनं, ती त्या दिवशी रडली. पुढं रोज संध्याकाळी गडग्याशी जायची. परत लागेल म्हणून.

आता समारंभाचं सांगते. रत्नागिरीत एक मंडळ होतं. वर्षभरात संध्याकाळच्या रेडिओवर आपल्या जिल्ह्यातल्यांचे जे कार्यक्रम लागले, त्यांतल्या उत्तम कार्यक्रमाला ते दर वर्षी ढाल द्यायचे. मोठा थाट. पताका, हार, मुंबईचे पाहुणे. हेदवीचे भजनवाले आले होते, संगमेश्वरकडचे नमनवाले आले होते. आणि ढाल आमच्या ओवीला होती. म्हणजे खोतीणबाईंना. ढाल घेतल्यावर ओवी तिथं गाऊन दाखवायची, म्हणून आम्हाला आंब्याच्या ट्रकमधनं आणलं होतं. रिकाम्या पेट्यांबरोबर.

आणि आता मागल्या दारात खोतीणबाई मला सांगत होत्या, भागोजी काढ.

"आज मी उचलते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त झेला. तिथं श्रीधर घालू. माझा भाऊ आलाय मुंबईहून, पुढच्या रांगेत बसलाय. बरं दिसेल."

मी म्हटलं, "बाई, भागोजी माजा भाऊस व्हता."

"असेल गो. पण तुमची ती नावं... सभ्य माणसं बसलीत आत."

तुमची ती नावं. त्यांना वाटत होतं, नाव म्हणजे ओवीतली जागा. हे काढलं, ते बसवलं. आणि भागोजी कोण, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच घरासमोरच्या कलमावरनं पडला होता. त्याच्या रक्तावर माती टाकली तेव्हा पडवीत उभ्या होत्या त्या.

शेजारी सोनाकाकी होती, आमच्यातली म्हातारी, तिनं माझ्याकडं बघितलं नि मान खाली घातली.

आत बोलावलं. खोतीणबाई स्टेजवर गेल्या. आम्हाला स्टेजच्या खाली, एका बाजूला, तरटावर उभं केलं. माईक एक, तो वर. पाहुण्यांनी ढाल दिली. टाळ्या. खोत पहिल्या रांगेत, त्यांच्या बाजूला कोट घातलेला तो श्रीधर. खोतीणबाई थोडं बोलल्या. खेड्यातल्या भोळ्याभाबड्या गाण्यांवर माझं लहानपणापासून प्रेम, असं काहीतरी. मग त्यांनी डोळे मिटले नि उचललं.

आवाज गोड होता, खोटं का बोलू. तरव्याची मूठ गायल्या. वाकून गायल्या, ताठ उभं राहून. आणि मग,

"श्रीधर बंधू माझा, बघतो बांधाला टेकून."

पुढच्या रांगेत श्रीधर हसला. आता आम्ही झेलायचं होतं. श्रीधर, श्रीधर.

माझं तोंड उघडलं नाही. ठरवून नाही हो. उघडलंच नाही. आणि मी झेललं नाही म्हणून बाकीच्यांनी पण नाही. सोनाकाकीनं नाही. कुणीच नाही. अख्खा हॉल गप्प. वरचा पंखा तेवढा करकरत होता. खोतीणबाईंनी डोळे उघडले, पुन्हा तीच ओळ गायल्या, जरा जोरात. पुन्हा श्रीधर. आम्ही पुन्हा गप्प.

खोत उठले. वाकून, दात आवळून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "झेल. नाहीतर उद्यापासून माझ्या बांधावर पाय ठेवू देणार नाही. कुणालाच."

खरं होतं ते. आमची सहा घरं त्यांच्या मळ्यांवर जगत होती. मी बाकीच्या पाचजणींकडं बघितलं. त्यांची पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी झेलणार होते. देवाशपथ सांगते, मी तोंड उघडलं होतं श्रीधर म्हणायला.

सोनाकाकीनं माझा पदर ओढला. हळूच म्हणाली, "आयस रेडिओजवळ उबी आसंल गो तुजी."

नव्हती. त्या दिवशी रेडिओवर काही लागणार नव्हतं. काकीला वाटलं, हॉलात माईक म्हणजे सगळं गावापर्यंत जातं. चुकली म्हातारी. पण बरं झालं चुकली.

मी बोलले. माईक नव्हता, लागला नाही. शेतात या टोकाचं त्या टोकाला ऐकू घालवणारा गळा माझा.

"आमी झेलनार नाय. आमच्या ओवीत श्रीधर नाय, भागोजी हाय. माजा भाऊस. ह्या खोतांच्या कलमावरनं पडून मेला. दोर बांदू दिला नाय त्येला. त्येचा नाव काडलात तुमी. त्ये मी काडू देनार नाय."

आणि तिथंच, तरटावर उभं राहून, मी उचललं. तरव्याची मूठ. भागोजी बंधू माझा. आणि त्या पाचजणींनी, ज्यांचं उद्याचं पोट खोतांच्या हातात होतं त्यांनी, झेललं. भागोजी, भागोजी. छत हाललं.

तुम्हाला वाटेल, आता हॉल हादरला असेल. कुणीतरी उठून खोताला जाब विचारला असेल. अहो, लोकांनी टाळ्या वाजवल्या! कडकडून. कुणीतरी "वा वा" म्हणालं. एका बाईनं डोळे पुसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. नाटकासारखं बसवलंय. पाहुण्यांनी हसत हसत खोतीणबाईंना शाबासकी दिली, त्यांनी ती मान लववून घेतली, आणि ढाल त्यांच्याच हातात राहिली.

टाळ्यांचा एवढा राग मला जन्मात आला नव्हता. करवंटीचा आला नव्हता तेवढा आला. मी त्यांना माझा मेलेला भाऊ दाखवला, आणि त्यांना तो गोड लागला.

ट्रक आम्हाला टाकून गेला. पाच कोस चालत आलो. वाटेत सोनाकाकी म्हणाली, "मस झाला, पुरे. लय दिवस झेलला त्येंचा." दुसऱ्या दिवशी खोतांचा माणूस सांगून गेला, मळ्यावर यायचं नाही. सहाही घरांनी. पुढचे दिवस कसे काढले ते सांगत नाही, सांगण्यासारखे नव्हते. दोघीजणी मुंबईला नवऱ्यांकडं निघून गेल्या. एकीनं वर्षानं जाऊन खोतांचे पाय धरले. तिला मी नावं ठेवत नाही, तिला चार पोरं होती. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. आयनं मला एकदाही बोल लावला नाही. फक्त विचारलंन, "सगळ्यांदेकत बोललीस?" म्हटलं, "होय." "मंग ऱ्हाव दे उपाशी," म्हणाली.

दोन वर्षांनी रेडिओचा तोच साहेब परत आला. या वेळी खोतांकडं नाही, विचारत विचारत थेट महारवाड्यात. घाम पुसत माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "बाई, खरा आवाज तुमचा होता, कळलं मला. या वेळी तुमचंच नाव सांगू. ढालही तुम्हालाच मिळेल बघा."

मी म्हटलं, "माजा नाव नको. आदी भागोजीचा सांगा. कोन व्हता, कुनाच्या कलमावरनं पडला, दोर कुनी बांदू दिला नाय, त्ये सांगा. मग मी गातंय."

साहेब कसनुसं हसला. "तसं रेडिओवर बोलता येत नाही हो. नुसतं गाणं द्या."

नुसतं गाणं. माणूस वगळून गाणं द्या. मी म्हटलं, "मग यंत्र उचला."

तो जरा वेळ थांबला, माझं मन वळेल म्हणून. मी दारातनं हलले नाही. शेवटी यंत्र उचलून गेला. त्यानंतर पुष्कळजण आले. शाळावाले आले, पुढारी आले, जयंतीवाले आले. सगळ्यांना ओवी हवी असते, गोड असते म्हणून. मी एकच विचारते, कलम कुणाचं ते आधी बोलू देता का? नाही म्हणाले की माझं तोंड बंद. होय म्हणाले तर उभी राहते, आधी खोताचं नाव घेते, मग भागोजीचं, आणि मग उचलते. आणि आता सुरुवातीलाच सांगून ठेवते, टाळी वाजवायची नाही. ज्याला झेलायचं असेल त्यानं झेलावं, नाहीतर उठून जावं.